अकरा मिनिटं उशिरा आलेला ग्रह

मी आयुष्यात एकच ग्रह मोजला, आणि त्या ग्रहापायी एका सरळ माणसाची बढती घालवली. हे आधीच सांगून टाकते. नाहीतर सांगता सांगता मी स्वतःची बाजू सावरायला लागेन, तशी मला खोड आहे.

पाथरीच्या एका कॉलेजात मी भौतिकशास्त्र शिकवते. राहायला परभणीत. सकाळी सातची एसटी, संध्याकाळी मिळेल ती. स्वभाव तापट. राग माझ्या नाकावरच बसलेला असतो असं आई म्हणायची, नवरा अजून म्हणतो. पोरं मला भितात, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. दराऱ्याचं एक वाईट असतं. आपलं चुकलं तर सांगायला कुणी पुढं येत नाही, आणि कुणी आलंच तर आपण ऐकत नाही.

ज्यांच्याबद्दल लिहायचंय ते आमच्या प्रयोगशाळेचे परिचर. सगळं कॉलेज त्यांना मामा म्हणायचं. गाव ताडकळस. तिथं घर, बायको, थोडी जमीन. पाथरीत एक खोली करून राहायचे आणि शनिवारी गावाकडं जायचे. प्रयोगशाळेतलं एकेक भिंग, एकेक वायर त्यांना पाठ. रजिस्टरात खाडाखोड म्हणून दिसायची नाही. शिवाय कॉलेजची घंटा त्यांच्याकडं. घंटा चुकू नये म्हणून ते रोज सकाळी रेडिओच्या बातम्यांआधी जे टुक टुक वाजतं, त्याला मनगटावरचं घड्याळ लावायचे. तास सुरू व्हायचा आणि सुटायचा तो मामांच्या मनगटावर.

निवृत्तीला त्यांची दोन वर्षं उरली होती आणि त्या वर्षी संस्थेत प्रयोगशाळा सहायकाची एक जागा मोकळी झाली होती. तीस-बत्तीस वर्षं परिचर म्हणून काढल्यावर शेवटची दोन तरी सहायक म्हणून काढावीत, ही त्यांची इच्छा. एकदा भीत भीत मला बोलून दाखवली होती. "निवृत्तीच्या कागदावर परिचर लिहून येऊ नये, मॅडम. दुसरं काही न्हाई." हे बऱ्याच अंशी माझ्या हातात होतं, कारण त्यांचा गोपनीय अहवाल विभागप्रमुख म्हणून मीच लिहायचे.

आता घड्याळांचं सांगते. आमच्या घरातली सगळी घड्याळं दहा मिनिटं पुढं असतात. माहेरी तसंच होतं, सासरी तसंच आहे, गल्लीत निम्म्या घरांत तसंच असेल. गाडी चुकू नये म्हणून. गंमत अशी की ही दहा मिनिटं सगळ्यांना माहीत असतात. तरी काट्याकडं बघून सगळे धावतात, आणि मग मनातल्या मनात दहा वजा करून उरलेला चहा बसून पितात. मी तर मोबाइलची आपोआप वेळ घेण्याची सोय बंद करून तोही पुढं केला होता. सकाळी लॅपटॉप उघडला की हमखास एसटी चुकायची, म्हणून एक दिवस चिडून लॅपटॉपही. कधी केलं तेसुद्धा विसरून गेले. रोज वजाबाकी करणाऱ्या माणसाला आपण वजाबाकी करतोय हे कळत नाही.

दुर्बीण माझी स्वतःची. आठ इंची आरसा, मागं छोटा कॅमेरा. जगभरातली हौशी मंडळी अशा लहान दुर्बिणींतून दूरच्या ताऱ्यांभोवती फिरणारे ग्रह मोजतात आणि आपल्या वेळा एका ठिकाणी पाठवतात, हे मला कळलं तेव्हापासून ते माझ्या डोक्यात बसलं होतं. झरीला सासऱ्यांचा मळा आहे आणि मळ्यात आखाडा, म्हणजे शेतातलं दोन खोल्यांचं घर. वर स्लॅब. गावाचे दिवे लांब. जागा पक्की झाली. एकटीनं होणारं काम नव्हतं. मी कॅमेरा आणि लॅपटॉप बघणार, मग दव पडलं का, ढग आला का, कुठं उजेड पडला का, ह्याच्या वेळेसकट नोंदी कुणी ठेवायच्या? मामा आपणहून म्हणाले, "मी येऊ का? लिहायचं काम माझ्याकडं द्या."

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत भिंगं पुसता पुसता त्यांनी विचारलं, "पर मॅडम, ग्रह दिसायचाच न्हाई म्हणता. मग मोजायचं काय?"

असा सरळ प्रश्न मला पदव्युत्तर पोरांनी कधी विचारला नव्हता. मी म्हणाले, "मामा, समजा लांब कुणीतरी गोल भाकरी धरलीय आणि भाकरीतून उजेड येतोय. तिच्यासमोरून एक बोर सरकत गेलं. बोर तुम्हाला दिसलं नाही. पण भाकरीचा उजेड किंचित कमी झाला, थोडा वेळ तसाच राहिला, पुन्हा होता तेवढा झाला. किती कमी झाला त्यावरून बोर केवढं ते कळतं."

"आन किती वेळ कमी राहिला, त्याच्यावरून?"

"भाकरीच्या मधून गेलं का कडेकडेनं, ते."

"आन कधी आलं, त्याच्यावरून?"

"ते सगळ्यात महत्त्वाचं. हा ग्रह सव्वादोन दिवसांत ताऱ्याभोवती एक फेरी मारतो. अगदी ठरल्या वेळेला समोर येतो. कधी मागंपुढं आला, तर समजायचं की शेजारी आणखी एखादा ग्रह आहे, न दिसणारा, तो ह्याला ओढतोय."

मामांनी मान हलवली. "म्हंजे येळ चुकून चालायचं न्हाई," असं म्हणून पुन्हा भिंगं पुसायला लागले.

फेब्रुवारीतली रात्र. हरभरा घाट्यांवर आलेला. वीज कधी जाईल सांगता येत नाही म्हणून दुर्बीण, कॅमेरा, लॅपटॉप सगळं ट्रॅक्टरच्या बॅटरीवर लावलं. सासऱ्यांच्या गड्यानं खाली शेकोटी केली होती, ती मी विझवायला लावली, धूर नको म्हणून. मामा कानाला मफलर बांधून, गुडघ्यावर रजिस्टर आणि लाल कागद लावलेली टॉर्च घेऊन बसले.

पहिल्याच झटक्याला दुर्बीण चुकली. तिला वेळ सांगितली की ती स्वतः वळून ताऱ्यापाशी जाते. ती वळली ती दोन बोटं बाजूला. मी खेकसले, "मामा, तिवई नीट टेकवली नाही तुम्ही." त्यांनी गुडघ्यावर बसून तिन्ही पाय तपासले. पातळी बघायच्या नळीतला बुडबुडा मधोमध होता. "बरोबर हाय मॅडम," ते म्हणाले. "काय बरोबर आहे?" म्हणून मी स्वतःच दुर्बीण हातानं सरकवून तारा गाठला. आता हसू येतं आणि रडूही. दुर्बीण मला सांगत होती की तू वेळ चुकीची दिलीस, आकाश तेवढं सरकलेलं नाही अजून. मी तिवईवर आणि मामांवर ढकललं.

मग कॅमेरा दर मिनिटाला एक चित्र घेत राहिला. आपला तारा आणि शेजारचे दोन तारे, तिघांचा उजेड ताडून बघायचा. शेजाऱ्यांचा तेवढाच राहिला आणि आपल्याचाच कमी झाला, तर समोरून काही गेलं. पडद्यावर ठिपके उमटत होते. बराच वेळ सरळ. मग ठिपके खाली बसायला लागले. पहिल्यांदा मला वाटलं डोळ्यांचा भास. मग तळ दिसला. एवढ्या लांबून, एक आठ इंची आरसा, आणि गुरूपेक्षा मोठा ग्रह त्यात उतरला होता. मामा पाठीमागून वाकून बघत होते. त्यांनी रजिस्टरात लिहिलं, "उजेड कमी व्हायला लागला," आणि पुढं वेळ. मधेच रस्त्यानं एक ट्रॅक्टर आला आणि त्याचा झोत थेट स्लॅबवरून फिरला. मी शिव्या हासडल्या. मामांनी घड्याळ बघून लिहिलं, बारा वाजून सहा मिनिटं.

दुसरा आणि तिसरा दिवस हिशेबात गेला. ठिपक्यांतून वक्ररेषा काढली. उजेड शेकडा दोनाच्या आसपास कमी झाला होता, म्हणजे ग्रहाचा व्यास ताऱ्याच्या सातव्या हिश्शाएवढा. मोठ्या दुर्बिणींनी काढलेला आकडा आणि माझा आकडा शेजारी शेजारी बसले. वजन मला काढता येणार नव्हतं, ते दुसऱ्यांनी ताऱ्याच्या डुलण्यावरून काढलेलं होतंच. भागाकार केला. एवढा मोठा ग्रह, पण पाण्याहून हलका. मी स्वयंपाकघरात जाऊन नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "बरं मग, आज भाजी काय?" पण त्यालाही बरं वाटलं होतं, तोंडावर दिसत होतं.

मग वेळ काढली. आणि ग्रह अकरा मिनिटं उशिरा आला होता.

पुन्हा केलं. अकरा. चूक धरली तरी मिनिट-दोन मिनिटांची. उशीर म्हणजे ओढणारा शेजारी. शेजारी म्हणजे आजवर कुणाला न दिसलेला ग्रह. नवरा म्हणाला, "तुझा ग्रहपण आपल्या एसटीनंच येतो वाटतं." मला हसू आलं नाही.

चित्रांमध्ये एके ठिकाणी उजेडाची मोठी उसळी होती. ट्रॅक्टरचा झोत. लॅपटॉपवर त्याची वेळ बारा सतरा. मामांच्या रजिस्टरात बारा सहा. मी बाकीच्या नोंदी ताडल्या. सगळ्या अकरा मिनिटांनी मागं. मी मोबाइल काढून लॅपटॉपशी लावून बघितला. एखाद्या मिनिटाचा फरक सोडला तर दोन्ही सारखेच. एकाच बाईनं दोन्ही पुढं केलेली, सारखीच असणार. पण त्या वेळी मला वाटलं, दोघं एक सांगतायत आणि एक म्हातारं मनगटी घड्याळ दुसरंच, म्हणजे कोण चुकलं ते उघड आहे.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात मामांना बोलावलं. त्यांनी शांतपणे सगळं बघितलं आणि म्हणाले, "मॅडम, माझं घड्याळ रेडिओला लावलेलं हाय. तुमचंच पुढं आसंल. येकदा बगून घ्या की."

"लॅपटॉपचं घड्याळ चुकत नसतं, मामा," मी म्हणाले. "पान काढा आणि लॅपटॉपच्या वेळेनं नवीन लिहा. खाली सही करा."

मग बसून त्यांनी सगळं पान पुन्हा लिहिलं. बत्तीस वर्षांत खोटी नोंद न केलेल्या माणसाकडून मी खोटी नोंद करवून घेतली, सहीसकट. जुनं पान मीच चुरगाळून टाकलं.

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. दुपारी स्टाफरूममध्ये चहाला बसले होते. कुणीतरी विचारलं, "काय मॅडम, सापडला का ग्रह?" मी म्हणाले, "ग्रह सापडला हो. पण ह्या लोकांना काम सांगायचं म्हणजे आपल्यालाच दुप्पट काम. साधी वेळ लिहिता येत नाही, आणि जागा मात्र पाहिजेत वरच्या."

मामा बौद्ध. मी पाटलांच्या घरातली सून. "ह्या लोकांना" म्हणजे कोणाला, ते तिथं बसलेल्या एकूण एकाला कळलं. मलाही कळलं होतं. तोंडातून निघतानाच कळलं होतं. एकजण हसला. बाकीचे चहात बघायला लागले. आणि मामा दारात उभे होते, हातात हजेरीपट घेऊन. त्यांनी तो टेबलावर ठेवला, "सही ऱ्हायलीय मॅडम," म्हणाले, आणि मी सही करेपर्यंत थांबले. मी मान वर केली नाही. पेन बंद करून त्यांच्याकडं दिलं.

आम्ही जातपात मानत नाही, असं आमच्या घरात सगळे सांगतात. मीही सांगायचे. मामांच्या हातचा चहा पिते, एका डब्यातलं खाते, अजून काय पाहिजे, असं वाटायचं. ते वाक्य माझ्या आत कुठं बसलं होतं मला ठाऊक नाही. पण शोधावं लागलं नाही. लगेच जिभेवर आलं.

नऊ दिवसांनी ग्रह पुन्हा रात्रीच्या सोयीच्या वेळेला समोर येणार होता. मला वाटलं मामा आता येत नाहीत. ते आले. मफलर, टॉर्च, रजिस्टर. ह्या वेळी मी सांगितलं होतं, लॅपटॉपवर बघूनच वेळ लिहायची, तसं त्यांनी लिहिलं. फक्त दुर्बीण पुन्हा दोन बोटं बाजूला वळली तेव्हा हळूच म्हणाले, "मॅडम, रेडिओला येकदा..." मी त्यांच्याकडं असं बघितलं की ते वाक्य तिथंच राहिलं. ग्रह आला. पुन्हा अकरा मिनिटं उशिरा.

दोन वेळा एकच उत्तर. आता शंका कसली? मी वेळा परदेशी पाठवून दिल्या. धीर धरवला नाही म्हणून प्राचार्यांना सांगितलं. प्राचार्यांनी एका पत्रकाराला सांगितलं. तालुक्याच्या पानावर माझा फोटो आला. दुर्बिणीशेजारी उभी, आणि खाली छापलं की आपल्या मातीतल्या लेकीला नवा ग्रह असल्याचा पुरावा मिळाला. "पुरावा" मी म्हटलं नव्हतं. पण नाकारलंही नाही. माहेरहून फोन आले. सगळ्यांनी मिळून मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं, आणि मी चांगली वर जाऊन बसले. संस्थेनं सत्कार ठरवला. बॅनर, पाहुणे, शाल, श्रीफळ.

त्याच आठवड्यात गोपनीय अहवाल लिहायचे होते. मामांच्या अहवालात मी लिहिलं, "नोंदी ठेवण्यात काटेकोरपणा नाही. वेळेच्या नोंदी विश्वासार्ह नाहीत." लिहिताना मला जराही वाईट वाटलं नाही. मी सत्य लिहितेय असंच वाटलं. स्टाफरूमचं वाक्य बोलून गेल्यावर तर मला ते सत्य असायलाच हवं होतं.

सत्काराच्या दोन दिवस आधी परदेशातून मेल आली. चार ओळींची, फार सभ्य. त्याच दोन्ही रात्री आणखी दोन देशांतल्या लोकांनी हाच ग्रह बघितला होता आणि त्यांना तो वेळेवर आला होता. तुमचा आकार उत्तम जुळतो, तुमच्या वेळेत मात्र दोन्ही रात्री नेमका तेवढाच फरक आहे, कृपया आपलं घड्याळ तपासावं.

मी आधी चिडलेच. तरातरा कॉलेजच्या संगणक कक्षात गेले, लॅपटॉप जोडला आणि अचूक वेळ दाखवणारं एक पान उघडलं. त्यावर लिहून आलं की तुमचं घड्याळ अकरा मिनिटं पुढं आहे. दहा मी स्वतः केलेली, आणि एक त्या बिचाऱ्या यंत्रानं इतक्या महिन्यांत आपल्या मनानं वाढवलेलं. वर्षभर सकाळी सातची गाडी मी त्याच घड्याळात दहा वजा करून पकडत होते. आकाशातली गाडी आली तेव्हा मात्र वजा करायचं विसरले.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कक्षात पोरं होती, कुणाचं लक्ष नव्हतं, तरी मला वाटत होतं सगळे बघतायत. अकरा मिनिटं काढून पुन्हा हिशेब केला. ग्रह अगदी वेळेवर. ट्रॅक्टरचा झोत बारा वाजून सहा मिनिटांनी. शेजारी कुणी ओढणारा नाही. बाहेर तास संपल्याची घंटा झाली, मामांची, आणि मी तिथंच बसून राहिले.

आता जे सांगायचंय ते मी बरीच वर्षं कुणालाच सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही अर्धंच सांगितलं. त्या संध्याकाळी मी परदेशी उत्तर लिहिलं, घड्याळाची चूक, वेळा दुरुस्त करून पाठवत आहे. अर्ध्या तासात उत्तर आलं, धन्यवाद, दुरुस्त केलं, असं सगळ्यांकडून होतं. इतकं सोपं होतं ते. मामांचा अहवाल अजून प्राचार्यांच्या टेबलावरच होता. मुख्य कार्यालयात जायला चार दिवस बाकी होते. एक कागद बदलायचा होता, बस.

दुसऱ्या दिवशी मी प्राचार्यांच्या खोलीत गेले. फाइल समोर दिसत होती. म्हणाले, "सर, एक बोलायचं होतं."

"बोला की मॅडम," ते म्हणाले. "पाहुणे कबूल झालेत बरं का. आणि हा बॅनर बघा, आलाय."

बॅनरवर माझा फोटो आणि वर शनीसारखा कडं घातलेला एक मोठा ग्रह. मी बघत राहिले. घड्याळ चुकलं म्हणून सांगितलं, तर बॅनर, शाल, पाहुणे, तालुक्याचं पान, सगळंच गुंडाळावं लागणार. मग मामांची बाजू खरी होती हेही सांगावं लागणार. आणि मग स्टाफरूममध्ये चहात बघणारी माणसं माझ्याकडं बघणार.

मी म्हणाले, "सर, ह्या ग्रहाला कडं नाही. गोलच काढायला सांगा."

एवढं बोलून बाहेर आले. सत्कार झाला. हॉल भरला होता. पाहुण्यांनी शाल घातली. शाल-नारळाचं ताट घेऊन स्टेजवर माझ्या शेजारी उभे होते मामा, कारण कॉलेजात ताट नेहमी तेच धरायचे. पाहुणे भाषणात ग्रहाच्या उशिराबद्दल बोलले तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मामांचे हात ताटाला गुंतलेले होते. मी त्यांच्याकडं बघितलं नाही. बोलायला उभी राहिले आणि सगळ्यांचे आभार मानले. यादीत मामांचंही नाव घेतलं. माझी जीभ झडली नाही.

सत्कारानंतर दोन दिवसांनी फाइल गेली. मनात म्हणत होते, सत्कार संपू दे, मग सांगू. परीक्षा संपू दे, मग सांगू. सहायकाची जागा संस्थेच्या एका शाळेतल्या माणसाला मिळाली. मामांना कारण कळलं असणार, कारण असली कारणं कारकुनांकडून कळतातच. त्यांनी मला एका शब्दानं विचारलं नाही. रजिस्टरं तशीच, घंटा तशीच. मी त्यांच्यावर ओरडणं मात्र बंद केलं, आणि त्याचंही मला बरं वाटायचं, जसं काही मी परतफेड करतेय. दोन वर्षांनी ते परिचर म्हणूनच निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी मी रजा टाकली. डोकं दुखतंय असं कळवलं, आणि खरंच दुखत होतं.

कॉलेजात वेळेच्या चुकीचं कुणाला कधी कळलंच नाही. ग्रहाची बातमी जशी आली तशी विरून गेली. परदेशी तक्त्यात माझ्या दोन वेळा आहेत, दुरुस्त केलेल्या, अगदी बरोबर. त्या बघितल्या की मला त्यांत मामांचं रजिस्टर दिसतं. त्या त्यांच्याच वेळा आहेत.

यंदा दिवाळीनंतर मी ताडकळसला गेले. त्यांच्या निवृत्तीला वर्ष होऊन गेलं होतं. बसमध्ये दोन गोष्टी ठरवल्या होत्या. एक, घड्याळ माझं चुकलं होतं आणि अहवाल मी खोटा लिहिला. दोन, त्या दिवशी स्टाफरूममध्ये मी जे बोलले ते. दुसरं कसं बोलायचं ते मनात दहा वेळा घोकलं. "मामा, मी तुमच्या जातीवरून बोलले, माझं चुकलं." एवढं सरळ वाक्य. त्यात अवघड शब्द एकही नाही.

बुद्धविहाराला लागून त्यांचं घर. अंगणात सोयाबीनचं भूस पडलेलं. मला बघून मामा उठून उभे राहिले. "अहो मॅडम, तुमी? या, या." त्यांच्या बायकोनं आत नेलं, खुर्ची पुसून दिली, चहा टाकला. तब्येत, पोरं, पाऊसपाणी सगळं बोलून झालं. मग मी पहिली गोष्ट सांगितली. सगळी. लॅपटॉप, मोबाइल, मेल, फाइल, चार दिवस. सांगताना मधेच थांबून पाणी प्यावं लागलं. मामा ऐकत होते. त्यांची बायको दारात पदर धरून उभी होती.

"मला म्हाईत होतं, मॅडम," मामा म्हणाले. "तुमी सातच्या गाडीनं यायच्या तवा तुमचा मोबाइल बगायचो की. रोजच पुढं आसायचा."

"मग तुम्ही जोर लावून का नाही सांगितलं?"

"दोनदा सांगितलं." आवाजात राग नव्हता. "घड्याळाचं जाऊ द्या. घड्याळ कुणाचंबी चुकतं. ते मी कवाच सोडून दिलं."

बायको आत गेली नाही. दोघंही माझ्याकडं बघत होते, घाई नाही, दटावणं नाही, नुसतं थांबून. ते कशाची वाट बघतायत ते मला पुरतं कळत होतं. वाक्य तोंडात तयार होतं. स्टाफरूममध्ये ते दुसरं वाक्य कसं चटकन आलं होतं, हे येईना. मी कपातला उरलेला चहा संपवला. थंड झाला होता.

मामांनीच विचारलं, "आजून काही बोलायचं होतं का मॅडम?"

"नाही," मी म्हणाले. "एवढंच."

त्यांनी मान हलवली. मग उठून चपला घातल्या आणि मला स्टँडपर्यंत सोडायला आले.